तेरवीत गरुडपुराण वाचता, मग सोळावा अध्याय का सोडता?

पोस्ट लांब आहे. सावकाश वाचा. अर्ध्यावरून कमेंट करू नका, कारण अर्धवट वाचण्याबद्दलच ही पोस्ट आहे.

दिवाळीनंतर एका तेरवीला गेलो होतो. पूर्णेच्या काठचं, खारपाणपट्ट्यातलं गाव. गावाचं नाव लिहीत नाही, घराचंही नाही. ओळखणारे ओळखतील, त्यांनीही कमेंटमध्ये लिहू नये, हात जोडून विनंती. गेलेला माणूस माझ्याच वयाचा, चाळिशीतला. चार एकर कोरडवाहू, कपाशी अन् तूर. खाली पाणी आहे, पण खारं. पिकाला दिलं तर जमीनच खराब होते. सोसायटीचं कर्ज होतं, बाहेरचं होतं. त्यानं स्वतःला संपवलं. कसं, हे सांगायची गरज नाही. आम्ही पत्रकार लोक ते फार तपशिलात छापतो अन् चूक करतो.

मांडवात पंगत उठली. वरण-भात, वांग्याची भाजी, बुंदी. मी निघणार तेवढ्यात त्याच्या बायकोनं आत बोलावलं. डोक्यावरचा पदर सावरत म्हणाली, "भाऊ, तुमी पेपरवाले हा. एक इचारू का? महाराज म्हनतात का त्यायचा आत्मा अडकला हाय. मोठी पूजा केल्याशिवाय सुटत नाई म्हनतात. चाळीस हजार लागतीन. नाई केली तं पोरायच्या मांगं लागन. खरं हाय का हे?"

दाराशी तिचा मुलगा उभा होता. दहावीत आहे. त्यानं "पोरायच्या मांगं लागन" हे ऐकलं अन् जमिनीकडे पाहिलं.

मला उत्तर देता आलं नाही. पंचवीस वर्षं बातमीदारी करतोय. कलेक्टरला विचारतो, आमदाराला विचारतो. या बाईच्या साध्या प्रश्नापुढे "पाहतो ताई" एवढंच म्हणालो अन् मोटरसायकलला किक मारली.

आता हिशेब पाहा. शेतकरी आत्महत्येच्या प्रकरणात सरकारची मदत एक लाखाची. त्यातले ३० हजार हातात येतात, ७० हजार ठेव म्हणून अडकवून ठेवतात, त्याचं व्याज मिळतं. तेही प्रकरण "पात्र" ठरलं तर. जिल्ह्याची समिती बसते अन् पाहते, जमीन कोणाच्या नावावर होती, कर्ज मान्य संस्थेचं होतं की उसनवारीचं, वसुलीचा तगादा होता की नव्हता. मेलेल्या माणसाची फाईल वर सरकते, नाहीतर "अपात्र" असा शेरा घेऊन खाली येते. अशा किती याद्या मी आजवर टाइप केल्या असतील, मोजल्या नाहीत.

त्या दिवशी परतताना लक्षात आलं की या माणसाची आता दुसरीही फाईल उघडली आहे. तिथंही तेच, पात्र की अपात्र. सरकारकडून ३० येणार अन् आत्मा सुटायला ४० लागणार. वरचे १० कुठून? पुन्हा बाहेरून. ज्या कर्जापायी माणूस गेला, त्याच कर्जाचा नवा हप्ता त्याच्या मोक्षासाठी.

आधी माझं सांगतो, मग दुसऱ्याचं. पाच-सहा वर्षांपूर्वी आमच्या भागात एक मोठा कथासप्ताह झाला. मांडव, एलईडीचे पडदे, हजारोंची गर्दी. त्याची चार पानी रंगीत पुरवणी मी काढली. जाहिराती मी गोळा केल्या, कमिशन घेतलं, "भक्तिरसात न्हाऊन निघाले शहर" हे शीर्षक माझंच. त्या मांडवात सातव्या दिवशी पितृदोष, अपमृत्यू, अडकलेले आत्मे यावर तासभर सांगितलं गेलं, अन् शेवटी संपर्कासाठी नंबर दिला गेला. मी पहिल्या रांगेत बसून टिपणं घेत होतो. "महाराज, हे कुठल्या पोथीत, कुठल्या अध्यायात?" असं विचारायचं सुचलं नाही. अमरावतीला डिप्लोमा करताना पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं, कोण म्हणालं, कशाच्या आधारे म्हणालं. तो नियम आम्ही नगरसेवकाला लावतो, मांडवात चपलांबरोबर बाहेर काढून ठेवतो.

तर यावेळी विचारायचं ठरवलं.

आमच्याकडे एक गुरुजी आहेत. सत्तरी ओलांडली आहे. दोन एकर शेती अन् भिक्षुकी. मी त्यांच्याकडे गेलो अन् सरळ विचारलं, हे नारायणबली वगैरे शास्त्रात आहे की नाही?

ते म्हणाले, "आहे. खोटं कशाला सांगू?" गरुडपुराणाच्या उत्तरखंडात, ज्याला प्रेतकल्प म्हणतात, त्यात अपमृत्यू झालेल्यासाठी नारायणबली सांगितला आहे, आत्महत्येचाही त्यात समावेश आहे. हे मी मुद्दाम आधी लिहितोय. "हे सगळं भटांनी मागून घुसडलं" असं म्हणून मोकळं होणारे माझे काही मित्र आहेत. त्यांना पोथी उघडायचीच नसते. अन् "शास्त्रात आहे म्हणजे आहे" म्हणणाऱ्यांनाही ती उघडायची नसते. दोघांची बंद पोथी सारखीच.

गुरुजींनी कपाटातून लाल फडक्यात बांधलेली पोथी काढली. सोळा अध्यायांची, आपल्याकडे दुखवट्याच्या घरात वाचतात तीच. पहिल्या अध्यायांत यममार्ग, वैतरणी, नरक, कोणत्या पापाला कोणती शिक्षा. ते सगळे ऐकतात, बाया पोरांना जवळ ओढतात. मग दानं, दहा दिवसांची पिंडं, सपिंडी, शय्यादान. गुरुजी पानं उलटत गेले अन् शेवटच्या अध्यायावर थांबले. "हा सोळावा. मोक्षाचा. तुम्ही तेरवीत कधी ऐकला?"

मी नाही ऐकला. माझ्या वडिलांच्या वेळी घरी पोथी लावली होती. अकराव्या-बाराव्या दिवसापर्यंत पाहुण्यांची गर्दी, आचाऱ्याचं सामान, पत्रिका वाटायची घाई. सोळावा अध्याय कधी झाला, झाला की नाही, कोणालाच माहीत नाही.

गुरुजींनी वाचला, अर्थ सांगितला. मी माझ्या शब्दांत थोडक्यात लिहितो, ज्याला तपासायचं त्यानं तपासावं. पोथी तीच आहे, तुमच्याही घरात असेल.

गरुड विचारतो की या संसारातून जीव सुटतो कसा. अन् भगवान जे उत्तर देतात ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला. अंगाला राख-माती फासून मुक्ती मिळत असेल तर राखेत लोळणारं कुत्रं मुक्त झालं का? गवत-पाला खाऊन अरण्यात राहणारी हरणं अन् उंदीर तपस्वी झाले का? जन्मापासून मरेपर्यंत गंगेच्या पाण्यात राहणारे बेडूक अन् मासे योगी झाले का? उपासतापास करून शरीर वाळवणाऱ्यांना तिथं शहाणं म्हटलेलं नाही. वेद-शास्त्रं नुसती पाठ करणाऱ्याची तुलना पळीशी केली आहे. पळी सगळ्या स्वयंपाकात फिरते, पण चव तिला कळत नाही. मोक्ष कशानं? जाणण्यानं. स्वतःतलं तत्त्व ओळखल्यानं. "मी-माझं" सुटल्यानं.

मी गुरुजींना म्हणालो, हे तर गाडगेबाबांचं कीर्तन झालं! गुरुजी हसले. म्हणाले, "पोथीत होतंच. बाबांनी वाचलं नाही तरी त्यांना कळलं होतं. आम्ही वाचलं."

याच अध्यायाच्या शेवटाकडे अयोध्या, मथुरा, काशी अशा सात मोक्षदायी नगरींची नावंही येतात. म्हणजे तीर्थावर टीका केली अन् पुन्हा तीर्थही सांगितलं. पोथ्या अशाच असतात. शेकडो वर्षं अनेक हातांतून आलेल्या. त्यात घाबरवणारं आहे अन् भीती काढणारंही आहे. म्हणून तर अर्थ लावावा लागतो. "शास्त्रात आहे" हे उत्तरच नव्हे, शास्त्रातलं कोणतं पान कोणाच्या हातात आहे, हा प्रश्न आहे. पहिल्या अध्यायांचं पान हातात धरून चाळीस हजार मागता येतात. सोळाव्यावर मागता येत नाहीत.

गुरुजींनी आणखी एक दाखवलं. विष्णुपुराणाचा तिसरा अंश. और्व ऋषी सगर राजाला श्राद्ध सांगतात. ज्याच्याजवळ आहे त्यानं अन्न द्यावं. नसेल तर मूठभर धान्य, नाहीतर तीळ घालून पाणी. तेही नसेल तर गाईला चारा. अन् काहीच, अगदी काहीच नसेल तर? मोकळ्या रानात जावं, दोन्ही हात वर करावेत, काखा दिसतील इतके वर, अन् सूर्याला सांगावं की माझ्याजवळ धन नाही, काही नाही, माझ्या भक्तीनंच माझे पितर तृप्त होवोत. एवढ्यानं श्राद्ध होतं. शास्त्र म्हणतं होतं.

खारपाणपट्ट्यातल्या त्या बाईच्या वाटेवर ही एक गोष्ट कोणीच का ठेवली नाही? हात वर करून, रिकाम्या हातांनी. तिला हे समजावून सांगायची गरज नव्हती, नुसतं सांगायची गरज होती.

महामहोपाध्याय पां. वा. काणे यांचं नाव वाचकांना माहीत असेल. धर्मशास्त्राचा इतिहास पाच खंडांत लिहिला, १९६३ला भारतरत्न मिळालं. परंपरेची निंदा करणारा हा माणूस नव्हे. श्राद्धावर लिहिताना त्यांनीही नोंदवून ठेवलं आहे की कर्म अन् पुनर्जन्म मानणाऱ्याला पिंडानं पितर तृप्त होतात हे मानणं जड जाईल, दोन्हींचा मेळ घालणं अवघड आहे. साधी गोष्ट आहे. ज्याचं त्याचं कर्म ज्याच्या त्याच्याबरोबर जातं असं एकीकडे म्हणायचं अन् दुसरीकडे बापाचा आत्मा पोराच्या मागं लागेल म्हणून घाबरवायचं. दोन्ही कसं खरं? अन् कोणता बाप, मेल्यावरही, आपल्या दहावीतल्या पोराच्या मागं लागेल हो? जिवंतपणी ज्यानं स्वतःसाठी चप्पल घेतली नाही पण पोराला सायकल घेतली?

आता ऋणाचं. हा मुद्दा मला रात्री झोपू देत नव्हता. वेदात, तैत्तिरीय संहितेत, सांगितलंय की माणूस तीन ऋणं घेऊन जन्मतो. ऋषींचं, देवांचं, पितरांचं. ऋषिऋण फिटतं अध्ययनानं, देवऋण यज्ञानं, पितृऋण संततीनं. मनुस्मृतीही म्हणते, ही तीन फेडल्यावरच मोक्षाकडे मन लावावं. म्हणजे शास्त्राच्याच हिशेबानं त्या घरात काय व्हायला पाहिजे? पोरानं शिकावं म्हणजे ऋषिऋण फिटतं. पोरगं धडधाकट वाढावं म्हणजे पितृऋण फिटतं. त्याची अकरावीची फी, त्याचा बसचा पास, त्याचं दोन वेळचं दूध, हेच त्या माणसाचं श्राद्ध. हे मी सुधारक म्हणून बोलत नाही. संहितेतला अर्थ चार एकराच्या घरात नेऊन पाहतोय, इतकंच.

कोणी म्हणेल, तू कोण अर्थ लावणारा? संस्कृत येतं का? येत नाही. शाळेत शंभरपैकी पडले तेवढेच. पण मी वऱ्हाडातला आहे, अन् आमच्या वऱ्हाडात हा प्रश्न फार जुना आहे, याचं उत्तरही जुनं आहे.

मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. आता तिथं मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालंय म्हणून बातम्यांत येतं. तेराव्या शतकात तिथं गोविंदप्रभू होते, चक्रधरस्वामींचे गुरू. महानुभावांनी मोक्षाचं तत्त्वज्ञान सांगितलं ते मराठीत. केशोबास संस्कृतचे पंडित, त्यांना संस्कृतात लिहायचं होतं. नागदेवाचार्यांनी अडवलं. कारण काय दिलं? संस्कृतात गेलं तर स्वामींच्या म्हाताऱ्या बाया नागवल्या जातील, त्यांना कळणार नाही. विचार करा, साडेसातशे वर्षांपूर्वी ग्रंथ कोणत्या भाषेत लिहायचा याचा निकष काय, तर म्हातारीला कळलं पाहिजे. ज्या बाईनं मला आत बोलावून विचारलं, तिच्याच बाजूचा तो निकाल होता.

चांदूरबाजार तालुक्यातलं माधान. तिथले गुलाबराव महाराज. कुणबी घर, अंगावरचं दूध पीत असतानाच डोळे गेले. वाचता येणं शक्यच नव्हतं. दुसऱ्याकडून ग्रंथ वाचवून घेत अन् ऐकलेलं लक्षात ठेवत. उपनिषदांपासून डार्विन-स्पेन्सरपर्यंत सगळ्यावर बोलले. जेमतेम चौतीस वर्षांचं आयुष्य, १९१५ला गेले, पण ग्रंथांची संख्या शंभराच्या वर. स्वतःला ज्ञानेश्वर माउलींची मुलगी मानत. अधिकाराची भाषा करणाऱ्यांनी माधानला एकदा जाऊन यावं. जन्म, जात, डोळे, पाठशाळा, काही म्हणजे काही नव्हतं.

अंबादेवीचं देऊळ तर अमरावतीत रोज लोक ओलांडून जातात. १९२७ साली ते सगळ्यांना खुलं करावं म्हणून चळवळ उभी राहिली. त्यात पापळचे पंजाबराव देशमुख पुढे होते. शेतकऱ्याचा मुलगा, विलायतेत जाऊन वैदिक वाङ्मयातल्या धर्मावर प्रबंध लिहून आलेला. त्याच नोव्हेंबरात डॉ. आंबेडकर अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात परिषदेचे अध्यक्ष होते, अन् हा धर्म जितका तुमचा तितकाच आमचा, तो घडवण्यात आमच्याही लोकांचा हात आहे, असा त्यांच्या भाषणाचा रोख होता. पुढं ते कुठं गेले ते सगळ्यांना माहीत आहे, अन् का गेले हेही. पण त्या दिवशी वेद वाचलेले दोघं एका बाजूला होते अन् कुलपाची किल्ली दुसऱ्या बाजूला. वाचणारा एक अन् किल्लीवाला दुसरा, हे आपल्याकडे नेहमीचंच.

मोझरीबद्दल तुम्हाला मी काय सांगणार? तुकडोजी महाराजांनी ग्रामगीता लिहिली, ४१ अध्याय. त्यात अंत्यसंस्कारावर वेगळा अध्याय आहे, यात्रांवर आहे, देवळांवर आहे. घराघरात आहे ती. फोटोशेजारी ठेवलेली असते, उदबत्ती लावतो आपण तिला.

पण मला खरं सांगायचंय ते ऋणमोचनचं.

भातकुली तालुक्यात पूर्णेच्या काठी ऋणमोचन आहे. मुद्गलेश्वराचं जुनं देऊळ, पौषातल्या रविवारी यात्रा भरते. नावातच सगळं आलं, ऋणातून सोडवणारं. "मोचन" अन् "मोक्ष" एकाच धातूतून आले, हे गुरुजींनी सांगितलं तेव्हा मी वहीत दोनदा अधोरेखित केलं. डेबूजीनं, म्हणजे गाडगेबाबांनी, आपलं काम सुरू केलं ते इथंच. यात्रेकरू नदीत उतरताना चिखलात घसरून पडत. पुण्य कमवायला आलेली म्हातारी माणसं हातपाय मोडून घेत. बाबांनी लोकांच्या मदतीनं घाट बांधला. लोक पाण्यात पाप धूत होते, हा माणूस काठावर माती उपसत होता.

अन् हा माणूस कोणत्या घरातून आला होता? बाप दारूत गेला. आई पोराला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला भावाकडे आली. मामाची जमीन सावकाराच्या कागदात गेली अन् त्या धक्क्यानं मामाही गेला. म्हणजे गाडगेबाबा हे कर्जानं माणूस खाल्लेल्या घरातलं पोरगं! आपण त्यांना झाडू देऊन फोटोत बसवलं, स्वच्छता पंधरवड्यात आठवतो, पण कर्जाची ही बाजू विसरलो. कीर्तनात ते जे परत परत सांगत, कर्ज काढून सण करू नका, कर्ज काढून मेलेल्याचं जेवण घालू नका, जेवायचं ताट मोडलं तरी चालेल पण पोराची शाळा सोडवू नका, ते उपदेश म्हणून येत नव्हतं. ते मामाच्या वावरातून येत होतं. सोळावा अध्याय त्यांनी वाचला नव्हता, अक्षरओळखच नव्हती. पण त्याच पूर्णेच्या पात्राशेजारी त्यांनी त्याचा अर्थ लावून दाखवला.

आता कमेंटमध्ये काय येणार ते मला माहीत आहे, म्हणून इथंच बोलून घेतो.

"फक्त हिंदूंनाच का बोलता?" कारण ती बाई हिंदू आहे, मी हिंदू आहे, अन् पोथी आमच्या घरातली आहे. शेजाऱ्याच्या घरची पोथी मी कशाला तपासू? माझी आई आजही संध्याकाळी हरिपाठ म्हणते. शेगावला पायी जाण्यात माझी सहा वर्षं गेली आहेत. श्रद्धेवर बोलण्याचा हक्क मी चालून कमावलाय, असं म्हटलं तर चालेल.

"लोकांना मानसिक समाधान मिळतं, तुमच्या पोटात का दुखतं?" हा मुद्दा खरा आहे, त्याला मी हसत नाही. दुःखात माणसाला काहीतरी करावंसं वाटतं, हातांना काम लागतं. तेरा दिवसांचे विधी त्यासाठी फार शहाणपणानं आखलेले आहेत. रोज कोणी ना कोणी घरात असतं, चूल पेटते, पोथी होते. विधी करा. पण समाधान देतो म्हणणाऱ्यानं आधी भीती विकली असेल तर? आधी सांगायचं पोराच्या मागं लागेल, मग सांगायचं मी सोडवतो. हे समाधान कसलं? जाळं टाकणाऱ्यानंच सोडवण्याचे पैसे घेणं झालं.

"सगळे गुरुजी तसे नसतात." मान्य. मला सोळावा अध्याय दाखवणारेही गुरुजीच. दक्षिणा विचारली तर म्हणाले, एक झेरॉक्स काढून दे पोथीच्या शेवटच्या पानांची, माझी फाटली आहेत.

त्या झेरॉक्सच्या दोन प्रती काढल्या. एक गुरुजींना दिली, दुसरी घेऊन त्या गावी गेलो. बाईला सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं. म्हणाली, "मले पटते भाऊ. पन आबाजीले इचारा." आबाजी म्हणजे गेलेल्याचे वडील. अंगणात बाजेवर बसले होते. पोरगा गेल्यापासून त्यांनी तंबाखू सोडली आहे, का ते सांगत नाहीत.

आबाजींना मी काय सांगणार? तैत्तिरीय संहिता? म्हणालो, आबाजी, ऋणमोचनला जाऊ. पौषाच्या रविवारी. गुरुजी येतात. जे करायचं ते तिथं करू.

गेलो. आबाजी, ती, मुलगा, लहान मुलगी, गुरुजी अन् मी. यात्रेचा दिवस असल्यानं गर्दी होती, भजी तळणं चालू होतं, लाऊडस्पीकरवर कोणाची तरी हरवलेली पिशवी. घाटाच्या पायऱ्यांवर गुरुजींनी मुलाच्या ओंजळीत तीळ दिले, पाणी दिलं, बापाचं नाव घ्यायला सांगितलं. त्यानं घेतलं. मग गुरुजींनी सगळ्यांना हात वर करायला सांगितलं, सूर्याकडे. आबाजींचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, नातवानं खालून धरला. पाच-सात मिनिटांत झालं. खर्च तीळ, नारळ, पेट्रोल, अन् लहान मुलीला घेतलेला फुगा.

परत येताना वडाखाली डबा सोडला. मी झेरॉक्स काढून मुलाला दिली, वाच म्हटलं. तो मराठी अर्थ वाचत गेला, बेडकावर आल्यावर थांबला अन् हसू आवरेना त्याला. "आबाजी, बेंदूक योगी!" म्हणाला. आबाजींनी परत वाचायला लावलं. त्याची आई दुसरीकडे तोंड करून पदर लावत होती, हसत होती की काय ते मला दिसलं नाही.

घरी सोडलं तेव्हा आबाजी मला जरा बाजूला घेऊन म्हणाले, "बाबू, बरं झालं. पन उद्या पोराले काई झालं तं?" मी म्हणालो, काही होत नाही आबाजी. त्यांनी मान हलवली. त्या महाराजांच्या माणसाचा नंबर त्यांच्या साध्या मोबाइलमध्ये अजून सेव्ह आहे, मी पाहिला. पुसून टाका असं म्हणायला माझं तोंड झालं नाही.